धारेचं लुगडं

मी लुगडं नेसतो. बायकोचं. सकाळी एकदा आणि सांजेला एकदा, गोठ्यात शिरायच्या आधी. धार काढून झाली की सोडतो, खुंटीला अडकवतो आणि लेंगा-सदऱ्यावर बाहेर येतो. आमच्या गोठ्याच्या चारी अंगांना आता टॉवर आहेत. बाल्कनीत कपडे वाळत घालणारे बघतात. मागे एका बाईनं वरून मोबाईल धरलेला. मी खालून ओरडलो, "नीट काढ गं बाय, पदर दिसला पाहिजे!" ती मोबाईलसकट आत पळाली. कुणाला हसायचं असेल त्यानं पोटभर हसावं. दूध प्यायला येतात तेव्हा हसत नाहीत.

डोंबिवलीत मानपाड्याच्या बाजूला आमचं गाव. गाव म्हणायचं ते आता तोंडानं. अर्धी शेतं कारखान्यांत गेली, अर्धी बिल्डरांत. घर राहिलं, घरामागे गोठा राहिला, गोठ्यात एक गीर गाय आणि तिची पाडी राहिली. ही गाय न्यायला जग आलेलं. मी दिली नाही. ते कसं झालं ते लिहितो. शाळा चौथीपर्यंत झालेली, त्यामुळे जसं बोलतो तसंच लिहिणार.

माझी बायको शहाडच्या बाजूची. नदीच्या अंगाला तिचं माहेर. तिकडे उन्हाळ्यात काठेवाडी गुराखी गाया घेऊन उतरायचे. तांबड्या गाया, कपाळ पुढे आलेलं, केळीचं पान वाळून वळतं तसे लोंबते कान, डोळे कायम झोपेतून उठल्यासारखे. बायको माहेरी लग्नाला गेलेली. परत आली ती भाजीच्या टेम्पोतून, मांडीवर वासरू घेऊन. पायानं अधू म्हणून काठेवाडी ते मागं टाकून चाललेला, हिनं उचललं.

मी म्हटलं, "हे काय?"

"गाय."

"हिला चालायला तीनच पाय आहेत."

"मग? तीन पायांनी दूध कमी येतं काय?"

पाय सुधारला, थोडी लंगडत राहिली शेवटपर्यंत. आत्ता गोठ्यात आहे ती तिच्या लेकीची लेक. बायको तिला बाय म्हणायची. माणसाला म्हणावं तसं. बाय, सरक. बाय, आज काय झालं? मीही तेच म्हणतो.

गीर गाय दूध देते ते तिला पान्हा आला तर. आधी पाडी लावायची. पाडी कासेला ढुसण्या देते, गाय मागं वळून तिला चाटते, मग पान्हा सोडते आणि सड टरटरून भरतात. मग पाडी बाजूला बांधून धार काढायची. पण या गाईला पाडी लावून भागत नसे. तिला बायको लागायची. मी बसलो की दोन धारा, तिसरीला सड कोरडे. तबेल्यातले लोक अशा गाईला म्हणतात, दूध चोरते. मीही एकदा वैतागून म्हटलं, "चोरटी आहे तुझी गाय. सगळं वर ओढून धरते."

बायको म्हणाली, "चोरते काय? तिचंच हाय. सोताचं कोन चोरतं?"

मी रिकामी बादली उचलली. तिच्यापुढे मला फारसं बोलता येतच नसे.

पुढे एका पावसाळ्यात ती शेणावरून घसरली आणि उजवा हात मोडला. प्लास्टर घातलं. दोन दिवस मी गाईशी झटलो. गाय तट्ट फुगलेली, बादली रिकामी. तिसऱ्या दिवशी बायको खुंटीवरचं गोठ्यातलं लुगडं घेऊन माझ्यापुढे उभी. ते तिचं वेगळं असायचं. एकेकाळी हिरवं, आता शेणाच्या रंगाचं.

"माजा लुगरा नेसा."

"डोकं फिरलं काय तुझं?"

"गाईला तुमचं तोंड बगून पान्हा फुटंल काय? मला इतक्या वर्सांत नाय फुटला."

डाव्या हातानं तिनं मला ते गुंडाळलं. कासोटा ओढताना इतकी हसली की प्लास्टर आपटलं माझ्या कमरेला. "पदर घ्या वो डोक्यावर. बोडक्या डोक्यानं जाताव गोठ्यात? आमच्या बायला लाज वाटंल." सून दाराशी तोंडात पदर कोंबून हसत होती. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही आईपेक्षा बरे दिसता." मी दोघांनाही शिव्या घातल्या आणि आत गेलो. गाईनं लुगडं हुंगलं, लांब श्वास सोडला आणि पान्हा सोडला. बादली भरली. माझ्या डोक्यावरचा पदर दुधात पडला तो वेगळा.

तेव्हापासून बायकोला बरं नसलं, ती माहेरी गेली, की मी लुगडं नेसायचो. नंतर तिला वरचेवर बरं नसायचं. त्या आजारपणाचं मी लिहीत नाही. गेली, एवढंच.

बाराव्याला बायकांनी तिच्या साड्या वाटून घेतल्या. चांगल्या होत्या, घेऊ दे. खुंटीवरच्या लुगड्याला कुणी हात लावला नाही. एक म्हातारी मात्र म्हणाली, "गेलेल्या बाईचं वस्तर घरात ठेवू नये, नदीत सोडून ये."

"गाईला विचारतो आणि सोडतो," मी म्हटलं.

ते लुगडं मी धुतलं नाही. त्यात शेण होतं, पेंड होती, तिची दातांना लावायची मिशेरी होती, डोक्याला चोपडायची ते खोबरेल होतं. गाय रोज आधी हुंगायची आणि मग पान्हा सोडायची. मीही हुंगायचो. गाईसाठी म्हणून.

वर्ष होत आलं तेव्हा मुलानं एका साहेबाला घरी आणलं. मुलगा बांधकामाला रेती-खडी पुरवतो, त्याच्या ओळखी फार. हा साहेब एका संस्थेचा. त्यांचं काम काय, तर गीर गाय जगात पोचवायची. परदेशी लोकांना दाखवायची, तिची फिल्म करायची, तिकडच्या देशांत तिचा वंश वाढवायचा. माणूस गोड. गोठ्यात बूट काढून शिरला, गाईच्या पाया पडला. मग म्हणाला, "काका, इतकी शुद्ध गीर डोंबिवलीत? ही जगाच्या कानाकोपऱ्यात पोचली पाहिजे."

"चालत जाणार की विमानानं?"

"ती जात नाही काका. तिचे भ्रूण जातात."

मला ऐकू आलं, भरून जातात. म्हटलं, "कशात भरून?"

मुलगा कपाळाला हात लावून हसला. साहेब हसला नाही. त्यानं नीट समजावलं. गाय त्यांच्या घाटाजवळच्या फार्मवर न्यायची. तिथे तिच्या पोटातून इवले इवले गर्भ काढायचे, बर्फापेक्षा थंड करून ठेवायचे आणि परदेशातल्या गाईंच्या पोटात सोडायचे. म्हणजे हिची लेकरं तिकडे जन्मणार, हिला न भेटताच. गाईला तिथे पंखा, आंघोळ, डॉक्टर, सगळं. फक्त ती शांतपणे धार देणारी हवी. पुढच्या आठवड्यात परदेशी पाहुणे येणार, त्यांच्यासमोर धार काढायची, फिल्म करायची. पसंत पडली की न्यायची.

"न्यायची नाही," मी म्हटलं. "बघा, हात लावा, फिल्म काढा. न्यायची नाही."

साहेब गेल्यावर मुलगा माझ्यावर उखडला. "बाबा, मी शब्द दिलाय."

"तुझा शब्द, तुझी गाय दे."

"उद्या गोठ्यात पाय घसरून पडलात तर कोण उचलणार? मी दिवसभर साइटवर. बाय तिथे सुखात राहील. आणि आईच्या गाईचं नाव जगभर होईल, ते नको तुम्हाला?"

"तुझ्या आयशीला जग कुठपर्यंत ठाऊक होतं? शहाडपर्यंत. तेवढ्यात तिचं भागलं."

"गाय तुमची नाय बाबा. आईची होती."

हे त्यानं बरोबर हाणलं. मी उठून गोठ्यात गेलो. पण त्या रागातसुद्धा त्याचं मला कळत होतं. त्याला आईचं नाव कुठेतरी मोठं लिहिलेलं हवं होतं. आम्ही दोघं एकाच बाईवरून भांडत होतो.

साहेबाचा दुसऱ्या दिवशी फोन. मुलानं त्याला लुगड्याचं सांगितलेलं दिसलं. "काका, फिल्मच्या दिवशी ते साडीचं नको हं. जगात चुकीचा मेसेज जाईल. फेटा बांधा, मी पाठवतो."

"फेटा बांधून धार काढणारा माणूस मी पाहिलेला नाही."

"छान दिसेल हो."

"गाईला काय छान दिसतं ते तुम्हाला काय ठाऊक?"

पाहुणे यायचे त्या दिवशी सकाळची धार आटपून मी कल्याणला कडबा बघायला गेलो. परत आलो तो घर ओळखू येईना. अंगणात रांगोळी, गोठ्याला चुना, गाईच्या गळ्यात हार. आणि दोरीवर हिरवं लुगडं वाळत घातलेलं.

मी आधी म्हटलं, हे कुणाचं? इतकं हिरवं आमच्याकडे काही नव्हतं. जवळ गेल्यावर काठ ओळखला. कल्याणच्या बाजारात दुकानदारानं अंगावर टाकून दाखवलेलं तेव्हा असंच हिरवं होतं. बायको तेव्हा म्हणाली होती, एवढं चांगलं गोठ्यात नेसू काय? आणि मग गोठ्यातच नेसली.

सून हात पुसत बाहेर आली. "बाबा, मशीनला लावलं. दोनदा लावलं तेव्हा निघालं. आता परदेशी पाहुणे येणार, खुंटीला तसंच ते..."

मी पदर नाकाला लावला. मोगरा. मशीनमध्ये घालायचं ते वासाचं पाणी. दुसरं टोक लावलं. मोगरा. मधला भाग, निऱ्यांचा. मोगराच.

सुनेनं माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. तिथेच पायरीवर खाली बसली. "आता काय करू बाबा?"

"आता काय. मोगरा हाय."

ती रडायला लागली. मला ओरडायचं होतं, पण ओरडून वास परत येत असता तर वर्षभर ओरडलो असतो.

सांजेला गाड्या आल्या. साहेब, त्याची दोन माणसं, कॅमेरावाला आणि पाहुणे नवराबायको. त्यांच्या देशात आपल्या गिरी फार पूर्वीच बोटीतून गेल्या आहेत म्हणे. बाई जाडजूड, डोक्यावर मोठी टोपी, हात कामाचे. ती सरळ गाईपाशी गेली आणि कपाळावर तळवा ठेवून उभी राहिली. गाईनं तिला काही केलं नाही. साहेबानं फेटा पुढे केला. मी दोरीवरून ओलसर लुगडं ओढलं आणि तिथेच सगळ्यांसमोर नेसायला लागलो.

"काका, आपलं ठरलं होतं ना!"

"तुमचं ठरलेलं. गाईचं नाही."

मुलगा खाली बघत होता. कॅमेरावाल्याला हसू आवरेना. मी कासोटा खोचला, पदर डोक्यावर घेतला, बादली उचलली आणि आत गेलो.

गाईनं हुंगलं. फुरफुरली. परत हुंगलं आणि भिंतीकडे सरकली. मी म्हटलं, "बाय, मी आहे." तिला ते ठाऊक होतं, तेच तर तिला नको होतं. पाडी लावली. गाय पाडीला चाटायला लागली, पान्हा आला. पाडी ओढून बांधली, खाली बसलो. दोन धारा. तिसरीला कोरडं. परत पाडी लावली, परत तेच. कॅमेरा डोळा वटारून बसलेला. मागून साहेबाचा एक माणूस हलक्यानं म्हणाला, "सर, सुई मारू? दोन मिनटांत सोडेल."

ही सुई तबेल्यात चोरून देतात. टोचली की गाईची मर्जी असो-नसो, दूध सुटतं. बायकोनं आमच्या गोठ्यात ती कधी शिरू दिली नाही.

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "आधी मला मार. बघू मी काय सोडतो ते."

"काका, एकदाच," साहेब म्हणाला. "पाहुणे किती लांबून आलेत."

"लांबून आले तर जेवून जाऊ दे. मटण केलंय."

मुलगा जवळ येऊन वाकला. "बाबा, फक्त आजच्या दिवस."

"तुझ्या आयशीच्या लुगड्याला धरून बोल. मारू सुई?"

तो मागं सरकला.

तेवढ्यात पाहुणीनं माझ्या लुगड्याकडे बोट करून साहेबाला काहीतरी विचारलं. साहेबानं हसत हसत इंग्लिशमध्ये लांबलचक सांगितलं. मला त्यातला एकच शब्द कळला, पूजा. म्हणजे हा माणूस माझ्या बायकोला माझ्यासमोर पूजेचं सोवळं करत होता.

मी उभा राहिलो. "नो पूजा," मी म्हटलं. "वाईफ. वाईफ साडी. वाईफ डेड. टुडे साडी वॉशिंग, काव सेइंग नो."

बाईनं टोपी काढली आणि काहीतरी म्हणाली. साहेबानं मला ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मी पाडीचं दावं सोडलं. ती धावत कासेला लागली. गाय तिला चाटत उभी राहिली आणि पाडी चारही सडांवरून फिरत प्यायली, तोंडाला फेस, शेपटी हलतेय. मी कॅमेरावाल्याला म्हटलं, "काढ. ही गीर गाय. जगाला दाखव."

त्यानं कॅमेरा बंद केला.

मटण मात्र सगळे जेवले. निघताना साहेब मुलाला गाडीपाशी म्हणाला, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "जनावर उत्तम आहे. पण दूध चोरतं. जगासमोर ही सवय घेऊन जाता येणार नाही. सुधारली की कळवा, लगेच गाडी पाठवतो."

"कळवतो," मुलगा म्हणाला.

म्हणजे माझ्या गळ्याचा फास सैल झाला एवढंच, सुटला नव्हता. आता गाय देईना म्हणून आटायची भीती, आणि द्यायला लागली तर जायची. मी दोन्ही वेळा लुगडं नेसून बसत होतो आणि पाडी दूध पीत होती. फुगली नुसती. मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलायचा.

सून मात्र पेटून उठलेली. तिनं लुगडं आधी पाडीच्या अंगाखाली अंथरलं. मग शेणात ठेवलं. मग एका सकाळी दुकानातून तंबाखू आणून तव्यावर मिशेरी भाजायला बसली. तिनं जन्मात मिशेरी भाजली नव्हती. घरभर धूर, आम्ही सगळे खोकतोय, आणि शेजारच्या टॉवरचा वॉचमन धावत आला, "क्या जल रहा है?"

सून खोकत म्हणाली, "सासू!"

आणि आपणच आपलं ऐकून तोंडावर हात ठेवला. मी इतका हसलो की धरायला काही सापडेना. बायको गेल्यावर पहिल्यांदा. ती मिशेरी आणि खोबरेल लुगड्याला चोळून मी आत गेलो, तर गाय सणसणीत शिंकली. पान्हा नाही.

कधी आला ते मला नीट सांगता येत नाही. एका दिवशी चार धारा आल्या, नंतर अर्धी बादली. कुणाच्या वासाला दिलं ते तिचं तिला ठाऊक. मोगरा गेलेला, पण बायकोही त्यात नव्हती. मी हुंगून बघितलं. माझाच घाम होता.

मग एकदा लुगडं खिळ्याला अडकून फाटलं. सून शिवायला बसली. पाडी ओरडत होती म्हणून मी तसाच लेंग्यावर आत गेलो, म्हटलं, निदान पाडी तरी लावू. गाईनं माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि पान्हा सोडला. मी बसलो. धार थांबेचना. बादली भरून फेस वर आला. मागे वळलो तर दारात मुलगा उभा.

त्यानं सगळं बघितलेलं. माझ्या लेंग्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं आणि निघून गेला. मी बादली तशीच धरून बसलो. सुधारली की कळवा. सुधारली होती. तो शब्द दिलेला माणूस होता आणि मीच त्याला शब्दाला जागायला शिकवलेलं.

दोन-तीन दिवस तो साइटवरून उशिराच यायचा. मी लुगडं नेसत राहिलो. आता गाईला लागत नव्हतं, हे मला ठाऊक आणि मुलाला ठाऊक. तरी नेसत होतो. कमरेला ते आवळलं की मला हात मोडलेली बायको आठवायची, हसणारी.

मग एका सांजेला उशीर झाला म्हणून मी लेंग्यावरच धारेला बसायच्या बेतात होतो, लुगडं खुंटीवर, आणि मुलगा धावत आत आला. खुंटीवरून लुगडं ओढलं आणि माझ्या अंगावर टाकलं.

"नेसा बाबा."

"कशाला?"

"नेसा म्हणतो ना. साहेब न कळवता आलाय, गाडी लावतोय. पटकन!"

त्याला निऱ्या येत नाहीत. त्यानं कुठलंही टोक कुठेही खोचलं. एक टोक माझ्या हातात, एक त्याच्या, गाय आमच्याकडे टकमक बघतेय. मी पदर डोक्यावर ओढला आणि खाली बसलो, तोवर साहेब दारात.

हे छापून आलं तर साहेबाला कळेल. कळू दे. गाय माझ्या दारात आहे, त्याच्या नाही.

साहेब माझ्याकडे बघून उसासला. "म्हणजे अजून तसंच?"

"तसंच," मुलगा म्हणाला. "साडीशिवाय अंगाला हात लावू देत नाय ती."

"छे. अजून चोरतेच म्हणायची."

मुलगा गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "चोरते काय साहेब? तिचंच हाय."

मी मान वर केली नाही. पदर पुढे ओढला आणि धार काढत राहिलो. निऱ्या त्यानं उलट्या खोचलेल्या, उठलो तेव्हा सगळं लुगडं सुटलं.